रानांतील सुखाचा मुक्काम

उघड्यावर मुक्काम करण्याची विद्या परकी आहे, असा एक समज आपल्या सुशिक्षित घरांतून आढळतो. तो निराधार आहे. कौटिल्यानें आपल्या अर्थशास्त्राच्या दहाव्या अधिकरणाचा पहिलाच अध्याय छावणी कशी वसवावी या विषयास दिला असून, जमिनीच्या ठेवणीप्रमाणें ती वाटोळी, लांबट किंवा चौकोनी करावी असें तो सांगतो. अमरकोशांत कापडी घरास स्वतंत्र शब्द आहे. पाल, राहुटी, डेरा, कनात, मेख, तणावा हे शब्द आपल्या भाषेंत अजून जिवंत आहेत. आषाढीस आळंदीहून व देहूहून निघालेल्या दिंड्या पंढरपुराच्या वाटेवर दर मुक्कामीं राहुट्या ठोकतात व पहाटे सोडतात; आणि मेंढरांमागें फिरणारा धनगर एका घोंगडीवर कित्येक रात्री सुखानें काढतो. या विद्येचा विसर पडला आहे तो पक्क्या भिंतींआड तीन पिढ्या निजलेल्या आम्हां पांढरपेशा लोकांस.

इंग्लंडांत बेडन पॉवेल यांनीं १९०७ सालीं ब्राउनसी बेटावर विसेक मुलांची छावणी भरविली व पुढच्याच वर्षीं बालवीरांसाठीं ग्रंथ लिहिला. तेव्हांपासून शाळेंतील मुलांस तंबू ठोकणें, गांठी मारणें, चूल पेटविणें हें शिकविण्याची रीति जगभर पसरली. आमच्याहि शिक्षकी पेशांत मुलांना घेऊन डोंगरांत रात्र काढण्याचे प्रसंग पुष्कळदां आले. त्या अनुभवावरून आमचें एक मत ठाम झालें आहे. मुक्कामांत हाल सोसणें म्हणजे शौर्य नव्हे. ज्या मुलाची पहिली रात्र कुडकुडत व कूस बदलीत गेली, तें मूल पुन्हां रानाचें नांव काढीत नाहीं. उलट ज्यास चांगली झोंप लागली, गरम अन्न मिळालें व पहाटे उठून पूर्वेकडे पाहतां आलें, तें जन्मभर डोंगराचें होऊन राहतें. म्हणून सुख हा येथें चैनीचा प्रश्न नसून शिक्षणाचा प्रश्न आहे.

गतवर्षीं आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या घरीं हाच वाद निघाला होता. चौदा वर्षांच्या मुलीस मैत्रिणींबरोबर डोंगरावर मुक्कामास जावयाचें होतें. आई-बाप राजी होते, परंतु आजीबाईंनीं संमति दिली नाहीं. आम्हांस मध्यस्थीसाठीं बोलावणें आलें, तेव्हां आजीबाईंनीं शांतपणें प्रश्न घातले : पोर निजणार कशावर? पाणी कोठलें पिणार? पाऊस आला तर काय? जनावर चावलें तर काय? रात्रीं बाहेर जावें लागलें तर सोबत कोणाची? या प्रश्नांना 'अहो, आजकाल सगळे जातात' असें उत्तर मुलीनें दिलें. तें उत्तर नव्हतें. आजीबाईंचे प्रश्न अडाणीपणाचे नव्हते. छावणीचें सर्व शास्त्र त्यांत आलें होतें. ज्याच्यापाशीं या प्रश्नांचीं नीट उत्तरें आहेत त्यानें खुशाल जावें, व ज्याच्यापाशीं नाहींत त्यानें तीं मिळेपर्यंत घरीं रहावें, असा निवाडा आम्हीं दिला. पुढील मजकूर त्या उत्तरांसाठींच लिहीत आहों.

काळ आणि स्थळ

सह्याद्रींत कुटुंबासह मुक्काम करण्यास कार्तिकापासून माघापर्यंतचे दिवस उत्तम. पावसाळ्यांत डोंगर डोळ्यांस कितीहि रम्य दिसला तरी तेथील रात्र नवशिक्यासाठीं नव्हे. वैशाखांत उन्हाचा ताप व पाण्याचा तुटवडा या दोन्ही गोष्टी एकदम येतात. शक्य तर शुक्ल पक्षांतील दशमीपासून पौर्णिमेपर्यंतची रात्र निवडावी. चांदणें असलें म्हणजे मुलांची निम्मी भीति आपोआप जाते. मार्गशीर्ष-पौषांत सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. तेव्हां दुपारीं चारच्या आंत मुक्कामाच्या जागीं पोंचलेंच पाहिजे. अंधारांत शोधलेली जागा सकाळीं पाहिली म्हणजे बहुधा चुकीची ठरते.

जागा निवडतांना चार गोष्टी पाहाव्यात. पहिली, पाणी. तें जवळ असावें, पण अंथरुणाशेजारीं नसावें. ओढ्याच्या कोरड्या पात्रांत किंवा धरणाच्या अगदीं कांठावर तंबू कधींहि ठोकूं नये. वर कोठें पाऊस पडला किंवा पाणी सोडलें तर खालीं त्याची वर्दी येत नाहीं. दुसरी, डोक्यावर काय आहे. वाळलेली फांदी, मधमाश्यांचें पोळें व दगड सुटणारा कडा या तिहींपासून दूर असावें. तिसरी, थंड हवा. ती जड असल्यामुळें रात्रीं पाण्याप्रमाणें उताराकडे वाहते व दरीच्या तळांत सांठते. म्हणून अगदीं खोलगट जागा टाळावी, त्याचप्रमाणें भन्नाट वाऱ्याची खिंडहि टाळावी. दोहोंच्या मधली थोडी उंच व आडोशाची सपाटी बरी. चौथी गोष्ट म्हणजे जमिनीचा उतार. तो थोडा असल्यास पाणी निघून जातें. मात्र निजतांना डोकें चढाकडे करावें. तंबू पसरण्यापूर्वीं त्या जागेवर स्वतः उताणें पडून पाहावें. जो खडा दिवसां बोटानें जाणवत नाहीं तो मध्यरात्रीं बरगडीस नेमका सांपडतो.

आणखी एक कर्तव्य आहे. किल्ले, अभयारण्यें व राखीव जंगलें यांचे नियम निरनिराळे असतात. २०२५ सालीं युनेस्कोनें रायगड, राजगड, शिवनेरी, लोहगड, साल्हेर इत्यादि बारा किल्ल्यांस जागतिक वारशाचा मान दिला. त्या वास्तूंच्या आवारांत मेखा ठोकणें किंवा चूल मांडणें हें आपणांस शोभणारें नाहीं. वनखात्याची व पुरातत्त्वखात्याची परवानगी आगाऊ विचारावी. नवख्या कुटुंबास आमची सूचना अशी कीं, पहिला मुक्काम गडावर न करतां पायथ्याच्या गांवांत, एखाद्या शेतकऱ्याच्या संमतीनें त्याच्या खळ्यांत किंवा पडीत शेतांत करावा. हरिश्चंद्रगडाखालचें पाचनई किंवा कळसूबाईखालचें बारी अशा गांवांतून डोंगर जवळ असतो, पाणी असतें, आणि अडचण पडल्यास माणूसहि असतो. घरमालकास योग्य मोबदला द्यावा व एक वेळचें पिठलें-भाकर त्यांच्याच चुलीवरचें घ्यावें. त्यांत आपली सोय होते व त्यांच्या श्रमाचाहि मान राहतो.

तंबू आणि दोऱ्या

हल्लींचे तंबू नायलॉन किंवा पॉलिएस्टरच्या कापडाचे, लवचिक दांड्यांवर उभे राहणारे व दोन-तीन किलो वजनाचे असतात. विकत घेतांना दोन पदरी तंबू घ्यावा : आंतला पदर जाळीचा, बाहेरचा पाणी न झिरपणारा. माणसाच्या श्वासांतून रात्रभर बरीच वाफ निघते. एकपदरी व बंद तंबूंत ती थंड कापडावर जमून पहाटे अंगावर थेंब थेंब गळते, आणि लोकांस वाटतें कीं तंबू गळका आहे. दोन पदरांमध्यें हवा खेळती राहिली व वरच्या झरोक्याचें तोंड उघडें ठेवलें म्हणजे ही पीडा पुष्कळ कमी होते. विक्रेता ज्यास चार माणसांचा तंबू म्हणतो, त्यांत सामानासह तीनच माणसें सुखानें निजतात, हेंहि लक्षांत ठेवावें.

तंबूचें दार वाऱ्याच्या पाठीस असावें. मेख जमिनींत सरळ न ठोकतां तिचा माथा तंबूपासून दूर झुकेल अशी तिरपी ठोकावी. म्हणजे तणाव्याच्या ओढीनें ती उपटत नाहीं. कातळावर मेख शिरत नसेल तर दोरी मोठ्या दगडास बांधून त्यावर दुसरा दगड ठेवावा. खालीं अंथरावयाची ताडपत्री तंबूच्या तळाबाहेर डोकावूं देऊं नये. ती बाहेर राहिली तर वरून ओघळलेलें पाणी तीवर पडून थेट आपल्या पाठीखालीं येतें. कित्येक भिजलेल्या रात्रींचें कारण एवढेंच असतें.

दोरीविषयीं एक भेद लक्षांत ठेवण्याजोगा आहे. सुती किंवा तागाची दोरी भिजली म्हणजे आखडते; म्हणून जुन्या राहुट्यांचे तणावे पाऊस येण्यापूर्वीं सैल करीत, नाहींतर मेखा उपटत. नायलॉनचें याच्या उलट : तें भिजलें म्हणजे सैल पडतें, म्हणून निजण्यापूर्वीं एकदां फिरून तणावे पुन्हां ताणावेत.

गांठींपैकीं निरगांठ व सुरगांठ आपल्या घरांत सर्वांस येते. मुक्कामांत शक्य तेथें सुरगांठच वापरावी. एक टोंक ओढतांच ती सुटते व गारठलेल्या बोटांस त्रास होत नाहीं. यांशिवाय आणखी दोन गांठी शिकून घ्याव्यात. एक खुंट्यास दोरी बांधण्याची : खुंट्याभोंवतीं एक वेढा द्यावा, दुसरा वेढा पहिल्यास ओलांडून द्यावा, आणि टोंक त्या दुसऱ्या वेढ्याखालून काढून ओढावें. दुसरी तणाव्यासाठीं : दोरी मेखेभोंवतीं नेऊन परत आणावी, टोंकाचे दोन वेढे मुख्य दोरीवर फांसाच्या आंतील बाजूस व तिसरा फांसाच्या बाहेर द्यावा, आणि टोंक त्या तिसऱ्या वेढ्याखालून काढून घट्ट करावें. ही गांठ हातानें सरकते, पण ओढीनें सरकत नाहीं. त्यामुळें मेख न उपटतां तणावा ताणतां येतो. घरच्या पलंगाच्या खुरास मुलांकडून या गांठी पन्नास वेळां मारून घ्याव्यात, व मग डोळे मिटून मारावयास सांगावें. अंधारांत तीच परीक्षा असते.

अंथरूण

आजीबाईंचा पहिला प्रश्न अंथरुणाचा होता, आणि तो पहिला असण्यास कारण आहे. लोक पांघरुणावर पैसे खर्च करतात व खालीं एक चादर टाकून निजतात. वास्तविक थंडी वरून येते त्याहून अधिक खालून येते. जमीन आपल्या अंगांतील उष्णता सतत ओढून घेते. आणि जाड पिशवींत निजलें तरी अंगाखालीं दबलेला कापूस हवा धरीत नसल्यानें त्याचा उपयोग होत नाहीं. म्हणून पहिलें लक्ष चटईकडे द्यावें. फोमची घडीची चटई वजनास हलकी, स्वस्त व न भिजणारी असते. ती नसेल तर वाळलेल्या पेंढ्याचा वीतभर थर घालून त्यावर ताडपत्री व सतरंजी अंथरावी. चटई एकच असेल तर ती वडील माणसाच्या पाठीखालीं घालावी.

पांघरुणास निजण्याची पिशवी, म्हणजे ज्यास स्लीपिंग बॅग म्हणतात ती, उत्तमच. परंतु घरचीं दोन चांगलीं कांबळीं किंवा घोंगडें सह्याद्रीच्या थंडीस पुरतें. लोंकर भिजली तरी थोडी ऊब राखते. सूत भिजलें म्हणजे ऊब मुळींच राखीत नाहीं. आपल्या घरांतील सोंवळ्याची धाबळी लोंकरीची असते. तिची ऊब ज्यांनीं माघांतील पहाटे अनुभवली आहे त्यांस हें निराळें सांगावयास नको. दिवसभराच्या घामानें ओलसर झालेल्या गंजिफ्राकांत कधींहि निजूं नये. निजण्याचा एक कोरडा जोड, पायमोजे व कानटोपी हीं प्लॅस्टिकच्या पिशवींत बांधून अगदीं सोंवळ्याप्रमाणें राखावींत. ओल्या वस्तूचा त्यांस स्पर्श होऊं देऊं नये. पाणी भरण्यास जावयाचें झालें तरी ते कपडे घालून जाऊं नये.

निरभ्र रात्रीं दंव फार पडतें, कारण अंथरुणाची उष्णता उघड्या आकाशाकडे निघून जाते. तंबू नसेल तरी डोक्यावर एक ताडपत्री तिरपी ताणली असतां दंव व गारठा दोन्ही पुष्कळ अडतात. निजण्यापूर्वीं पोटांत गरम अन्न असावें, आणि लघुशंकेस जाऊन यावें; आळसानें तसेंच पडून राहिल्यास झोंपहि नाहीं व ऊबहि नाहीं. धातूच्या बाटलींत गरम पाणी भरून, तिचें बूच घट्ट लावून ती पायमोज्यांत घालून पायांशीं ठेवावी. लहान मुलांस हा उपाय फार आवडतो.

पाणी आणि स्वयंपाक

पिणें, स्वयंपाक व भांडीं मिळून माणशीं दिवसास पांच लिटर पाणी धरावें. पैकीं चढतांना प्रत्येकाजवळ निदान दोन लिटर असावें. गडावरच्या टांक्यांतील पाणी स्वच्छ दिसतें म्हणून तसेंच पिऊं नये. तें आधीं दुपदरी फडक्यांतून गाळावें व मग निदान एक मिनिटभर खळखळून उकळावें. उंचीवर पाणी कमी उष्णतेस उकळतें. हरिश्चंद्रगडाची उंची १४२४ मीटर आहे. तेथें पाणी सुमारें ९५ अंशांवर उकळी घेतें. त्यानें रोगजंतु मरतात, पण डाळ मात्र शिजतां शिजत नाहीं. याकरितां दोन-तीन लिटरांचा लहान प्रेशर कुकर हें ओझें वाटलें तरी कुटुंबाच्या मुक्कामांत तें सार्थकीं लागतें; इंधन वांचतें व खिचडी मऊ होते.

शिध्याची तयारी घरींच करावी. तांदूळ व मुगाची डाळ निवडून, धुऊन, वाळवून, त्यांत हळद, मीठ, गोडा मसाला घालून एकेका वेळेची पुरचुंडी वेगळी बांधावी व वर वेळ लिहावी. रवा घरींच भाजून न्यावा. पहिल्या दिवसासाठीं दुधांत भिजविलेल्या दशम्या व कोरडी चटणी न्यावी. मेतकूट, तूप, लोणचें, आमसुलें, सुंठ, गूळ व डिंकाचे किंवा तिळाचे लाडू असले म्हणजे कशाचीच उणीव भासत नाहीं. पहाटे सुंठ-गुळाचा काढा किंवा चहा प्रथम वडिलांच्या व मुलांच्या हातीं द्यावा. मग तंबू सोडण्याचें काम सांगावें.

चुलीसंबंधानें आम्ही थोडे कठोर होणार आहों. मार्गशीर्षापासून सह्याद्रीवरील गवत वाळून कोलीत झालेलें असतें. तामिळनाडूंत थेनी जिल्ह्यांतील कुरंगणीच्या डोंगरांत ११ मार्च २०१८ रोजीं वणव्यांत सांपडून वीसहून अधिक गिर्यारोहकांचे प्राण गेले. तेव्हां लांकडें पेटविण्याचा मोह सोडून गॅसचा किंवा रॉकेलचा लहान स्टोव्ह न्यावा. तो उघड्या कातळावर, वाऱ्यास आडोसा करून पेटवावा, व शेजारीं पाण्याचें भांडें भरून ठेवावें. परवानगी असून शेकोटी केलीच, तर भोंवतालचें गवत दोन हात काढून टाकावें, आणि निजण्यापूर्वीं पाणी ओतून राख हातास गार लागेपर्यंत ढवळावी.

आणि तंबूच्या आंत स्टोव्ह, शेगडी किंवा निखारे कोणत्याहि कारणानें नेऊं नयेत. कोंडलेल्या जागेंत जळणापासून कार्बन मोनॉक्साइड हा वायु निघतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं; निजलेला माणूस जागा होत नाहीं. थंडीपासून वांचण्यासाठीं केलेला हा उपाय थंडीहून भयंकर आहे.

जनावरांचें भय

सापाचें भय पुष्कळ अंशीं काल्पनिक असलें तरी सर्वस्वीं नव्हे. आपल्याकडे नाग, मण्यार, घोणस व फुरसें हे चार मुख्य विषारी साप आहेत. पैकीं मण्यार रात्रीं फिरते व जमिनीवर निजलेल्या माणसास पुष्कळदां झोंपेंतच चावते. तिच्या दंशास वेदना किंवा सूज फारशी नसते. पहाटे पोटांत दुखूं लागतें, पापण्या जड होतात, बोलणें अडखळतें, आणि लोक अपचन समजून ओंवा देत बसतात. रानांत निजलेल्या माणसास अशीं लक्षणें दिसतांच दंशाची खूण दिसो वा न दिसो, त्यास रुग्णालयांत न्यावें.

यावर प्रतिबंध सोपा आहे. तळ शिवलेला व चेन लावलेला जाळीचा तंबू हाच खरा उपाय. तो नसल्यास मच्छरदाणीच्या कडा अंथरुणाखालीं घट्ट खोंचाव्यात. चेन एक क्षणहि उघडी ठेवूं नये. उष्टें-खरकटें जवळ टाकूं नये. त्यावर उंदीर येतात व उंदरांमागून साप येतात. रात्रीं विजेरीवांचून पाऊल टाकूं नये. कपाळास बांधावयाची विजेरी असल्यास दोन्ही हात मोकळे राहतात. ती दर माणशीं एक असावी. बूट तंबूच्या आंत ठेवावेत आणि सकाळीं उपडे करून झटकल्याशिवाय पाय घालूं नये. लांकूड-दगड उचलतांना आधीं काठीनें हलवावा.

दंश झाल्यास अंगास आंवळपट्टी बांधणें, चिरा देणें, रक्त चोखणें हें सर्व टाळावें. माणसास धीर द्यावा, चालवूं नये, दंशाचा अवयव फळीस बांधून स्थिर ठेवावा, अंगठ्या-बांगड्या काढाव्यात, व १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवून प्रतिविष मिळेल अशा रुग्णालयांत त्वरित न्यावें. तें रुग्णालय कोठें आहे हें निघण्यापूर्वींच विचारून कागदावर लिहून ठेवावें. कोंकणांतील तांबड्या विंचवाच्या दंशानेंहि पूर्वीं पुष्कळ मुलें दगावत, महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीं प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखविल्यापासून मृत्यूंचें प्रमाण फार खालीं आलें. परंतु औषध रुग्णालयांतच मिळतें; मांत्रिकाकडे घालविलेला तास परत मिळत नाहीं. कड्याकपारींत आग्या माश्यांचीं पोळीं असतात. तेथें धूर, अत्तर व आरडाओरडा वर्ज्य समजावा.

थंडी आणि पाऊस

उंची दर हजार मीटरांस सरासरीनें साडेसहा अंशांनीं हवा थंड करते. कळसूबाईचें शिखर १६४६ मीटर उंच आहे. यावरून समुद्रकांठच्या माणसास तेथें काय वाटेल याचा हिशेब मुलांकडूनच करवावा. परंतु खरी भीति कोरड्या थंडीची नसून ओल्या थंडीची आहे. पाणी हवेपेक्षां सुमारें २५ पट वेगानें अंगांतील उष्णता ओढतें. त्यामुळें पारा दहा-पंधरा अंशांवर असतांना देखील भिजलेले सुती कपडे व वारा हीं दोन्ही एकत्र आलीं म्हणजे माणूस गारठून प्राणास मुकूं शकतो. आमच्या पाहण्यांतील एका सहलींत आयोजकानें पन्नास मुलांस श्रावणांत वर नेलें. आणलीं होतीं तीं केवळ सुती चादरी. पावसानें झोडपल्यावर त्यांतील एक मुलगा कांपावयाचा थांबला, तेव्हां 'आतां त्यास बरें वाटतें' असें सोबतच्या मंडळींस वाटलें. सुदैवानें त्यांत एक जाणता गांवकरी होता. त्यानें मुलाचे कपडे उतरवून त्यास कोरड्या घोंगडींत गुंडाळलें, दोन मुलांना त्याच्या दोन्ही बाजूंस चिकटून निजविलें, व तो नीट गिळूं लागल्यावर गूळ घातलेलें गरम पाणी पाजलें. मुलगा वांचला.

ही खूण प्रत्येक आईबापानें ध्यानांत ठेवावी. प्रथम कांपरें भरतें. मग बोटांनीं बटण लागत नाहीं, पाय अडखळतात, शब्द जड होतात, मूल उगीच चिडतें. आणि शेवटीं कांपणें थांबतें. कांपणें थांबणें हें सुधारण्याचें चिन्ह नसून धोक्याचें आहे. अशा वेळीं अंग जोरानें चोळूं नये, निखाऱ्याजवळ एकदम नेऊं नये. वारा अडवावा, कोरडें करावें, हलकेच ऊब द्यावी व मदत बोलवावी.

स्त्रिया, मुलें व वडील मंडळी

छावणींत स्त्रियांची कुचंबणा होते ती बहुधा एकाच गोष्टीमुळें, आणि लाजेनें तिचा उच्चार कोणी करीत नाहीं. पोंचल्याबरोबर पुरुषांनीं पहिलें काम हें करावें : पाण्यापासून निदान साठ मीटर दूर, आडोशाच्या जागीं दोन चादरींची कनात ताणावी, आंत वीतभर खोल खड्डा खणावा, माती उकरून शेजारीं ढीग करावा, व एक खुरपें, पाणी आणि साबण तेथें ठेवावा. तेथवर जाण्याची वाट दिवसां सर्वांस दाखवावी. रात्रीं कोणीहि एकटें जाऊं नये, व सोबतीस उठविण्यांत संकोच नसावा. मासिक पाळीच्या दिवसांतील वापरलेल्या वस्तु खड्ड्यांत न टाकतां कागदांत गुंडाळून घट्ट पिशवींतून परत आणाव्यात. एवढी व्यवस्था झाली म्हणजे घरांतील सुना-लेकी पुन्हां यावयास स्वतःहून तयार होतात, असा आमचा अनुभव आहे.

मुलांस कामें वांटून द्यावींत : एकानें मेखा मोजाव्यात, दुसऱ्यानें पाण्याचा हिशेब ठेवावा, तिसऱ्यानें कचऱ्याची पिशवी सांभाळावी. प्रत्येकाच्या गळ्यांत शिटी असावी, आणि चुकलें तर जेथें आहे तेथेंच थांबून तीनदां शिटी वाजवावी हा नियम पाठ करवावा. वडील मंडळींनीं आपलीं नेहमींचीं औषधें दुप्पट दिवसांचीं घ्यावींत. मोबाईलचा भरंवसा खोऱ्यांत धरूं नये. कोठें जात आहों व केव्हां परतणार हें घरीं लिहून ठेवून जावें.

ओझें आणि आरंभ

पाठीवरचें ओझें मोठ्या माणसानें आपल्या वजनाच्या पांचव्या हिश्श्याहून फारसें वाढवूं नये. मुलांचें त्याहून पुष्कळ कमी असावें. जड वस्तु पाठीस लागून व मध्यावर, पांघरुणें तळाशीं, पावसाचा अंगरखा व विजेरी सर्वांत वर ठेवावी. जें सामान दोन मुक्कामांत वापरलें गेलें नाहीं तें तिसऱ्या वेळीं घरीं ठेवावें. अपवाद औषधांच्या डबीचा व पावसाच्या कपड्यांचा.

आरंभ मात्र डोंगरावर करूं नये. प्रथम एक रात्र घरच्या गच्चीवर किंवा अंगणांत तंबू ठोकून सर्वांनीं निजावें, स्टोव्हवर खिचडी करावी, आणि काय विसरलें याची यादी सकाळीं लिहावी. दुसरी रात्र पायथ्याच्या गांवांत, तिसरी डोंगरावर. अशा क्रमानें गेलें असतां घरांतील कोणाच्याहि मनावर दडपण येत नाहीं. व जी यादी तयार होते ती कोणत्याहि छापील यादीहून आपल्या कुटुंबास अधिक उपयोगी पडते.

परततांना जागा अशी सोडावी कीं मागून येणाऱ्यास तेथें कोणी राहिलें होतें अशी शंका येऊं नये : मेखांचीं भोंकें बुजविलेलीं, राख विझवून पसरलेली, कागदाचा कपटाहि न राहिलेला. पुढच्या पौषांत तेथें दुसऱ्या कोणाचीं मुलें येणार आहेत. त्यांस तो डोंगर आपल्या मुलांस मिळाला तसाच मिळावा, एवढी काळजी वाचकांनीं घ्यावी अशी आमची विनंति आहे.